समासातले टोमणे

मुद्रितशोधकाने नव्या कादंबरीची पहिली प्रत उघडली. पानापानावर, समासात, त्याचेच टोमणे छापले होते. पान बारा: ‘असं बोलतं का कुणी, बाई?’ पान एकेचाळीस: ‘नायिका पुन्हा खिडकीत! घराला दार नाही का?’

खोड जुनीच. कॉलेजच्या कथास्पर्धेत हा पहिला आला होता आणि या कादंबरीची लेखिका दुसरी. पुढे ती नामवंत कादंबरीकार झाली, आणि हा तिच्या वेलांट्या तपासत बसला. सरळ सांगायचं तर जळायचा. तिची प्रुफं समोर आली की अंगाचा तिळपापड व्हायचा. मग शिसपेन्सिलीने समासात मनातलं सगळं ओकायचं, आणि जुळणीला देण्याआधी खोडून टाकायचं. या खेपेला ऐन वेळी पाठ धरली. खोडायचं राहिलं, आणि हा पंधरा दिवस घरी आडवा.

जुळणी करणाऱ्याला तरी काय बोल लावणार? तिचं एक प्रकरण शेवटाकडून सुरुवातीकडे जातं, दुसऱ्यात नुसतीच फोनवरची बोलणी. त्याला वाटलं, हाही बाईंचा एखादा प्रयोग असेल. त्याने बिचाऱ्याने इमानेइतबारे एकेक टोमणा बारीक टायपात बसवला.

हजार प्रती बांधून तयार होत्या. एकोणीस वर्षांची नोकरी गेली असं धरूनच तो छापखान्याच्या मालकांकडे जायला उठला. तर दारात तीच उभी, हातात पुस्तक घेऊन.

“चूक माझी आहे,” तो घाईघाईने म्हणाला. “मालकांना मीच सांगतो.”

“कसली चूक? दुसरं प्रूफ मीच वाचलं होतं.”

“मग काढलं का नाहीस?”

“काढलं होतं रे.” ती समोरच्या स्टुलावर बसली. चेहरा पार उतरलेला. “सगळं काढलं. मग उरलेलं वाचून पाहिलं, आणि एकेक ओळ परत घातली. पुस्तकात जीव होता तो तेवढ्यातच.”

ती उठली, दारापर्यंत गेली आणि वळली.

“तू कधी स्वतःचं लिहायला घेतलंस ना, तर एवढी कृपा कर. मला दाखवू नकोस. या टोमण्यांनीच मला महिनाभर झोप लागली नाहीये.”