नेकेसा वकीलबाईंचा रविवार

"बाबा, आता तुम्हाला त्रास नको," अवुओर फोनवर म्हणाली. "इथल्या एका मैत्रिणीने माझ्या फोनमध्ये काहीतरी घालून दिलंय. फोनला वाटतं मी केनियातच आहे. पुढच्या रविवारपासून नेकेसा मीच बघेन."

"वा! बरं झालं, आई," ओगुटू म्हणाला. मुलीला त्याच्या आईचं नाव ठेवलेलं, म्हणून तो तिला आईच म्हणायचा.

फोन ठेवून तो किसुमूतल्या आपल्या घराच्या पायरीवर जाऊन बसला.

नेकेसा ही टीव्हीवरच्या मालिकेतली वकीलबाई. अवुओर दोन वर्षांपूर्वी नर्स म्हणून लीड्सला गेली आणि पहिल्याच रविवारी तिच्या फोनने सांगून टाकलं, 'हा कार्यक्रम तुमच्या देशात दिसणार नाही.' पोर रडकुंडीला आली. तेव्हापासून दर रविवारी ओगुटू तिला आठवड्याची गोष्ट सांगायचा, आवाज बदलून, नकला करून.

इतर दिवशीचे फोन चार मिनिटांचे. जेवलात का, गोळी घेतली का, ठेवते. रविवारचा गोष्टीचा फोन मात्र पन्नास मिनिटांच्या आत कधीच आटोपला नव्हता. ओगुटूची तीस वर्षं धक्क्यावरच्या वजनकाट्याशी गेली होती. आठवड्यामागे शेहेचाळीस मिनिटांची तूट, हे त्याने पायरीवरच काढलं.

"आता दर शनिवारी मासळीबाजारात चकाट्या पिटायला कारण काय सांगशील, म्हाताऱ्या?" बायको रोझलिदाने आतून विचारलं.

"तुला काय कळतंय त्यातलं."

"मला सगळं कळतं. ऊठ, उगाली गार होतेय."

त्याने मक्याच्या पिठाची ती उकड अर्धी ताटातच सोडली. त्या शनिवारी तो बाजारात फिरकलाही नाही. रविवारी मात्र दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि फोन न बघितल्यासारखं करत फोनशेजारी बसला.

तीन वाजता तो वाजला.

"बाबा, ते मेलं चालतच नाही हो! अजून तेच, तुमच्या देशात दिसणार नाही. सांगा लवकर, नेकेसाचं काय झालं?"

ओगुटूने सदरा सारखा केला. मग खाकरला.

"काय सांगू, आई! टिलापियाच्या टोपलीवरून जुंपली. तो लंगडा ओबिएरो..."

"थांबा, थांबा. कोर्ट सोडून बाई मासे कधीपासून विकायला लागली?"

"महागाई! अशिलं येतात कुठे आता?"

"आणि ओबिएरो तिला अजून वकीलबाईच म्हणतो?"

"तोंडावर. पाठीमागे 'कायद्याची टोपली' म्हणतो."

अवुओर हसत सुटली, थांबेचना. रोझलिदाने चहा आणून ठेवला, नवऱ्याच्या हातवाऱ्यांकडे पाहिलं आणि निमूट आत गेली.

अठ्ठावन्न मिनिटं झाली.

"बाकीचं पुढच्या रविवारी," ओगुटू म्हणाला. "पण आई, ते यंत्र तोवर चालू लागलं तर?"

"नाही चालायचं, बाबा. मी काढूनच टाकते. तुम्हीच सांगायचं."

लीड्समधल्या खोलीत अवुओरने फोन कानापासून काढला. बोलणं संपल्यावर पडद्यावर आधीचं थांबवलेलं चित्र परत आलं: नेकेसाच्या कबरीवर शेवटची मूठ माती पडत होती, त्यावर 'समाप्त' अशी अक्षरं होती, आणि खाली प्रसारणाची तारीख, आठ महिन्यांपूर्वीची.