पास झालेला नमुना

खेळण्यातले फोन बनवणारे कारखानदार रिपोर्ट न्यायला आज जातीने प्रयोगशाळेत आले होते. तपासनीस बाईंनी कागद पुढे सरकवला. "शिसं नाही, कॅडमियम नाही. तुमचा नमुना पास."

"असणारच कसं?" कारखानदारांनी छाती फुगवली. "पोराबाळांच्या जिवाशी खेळ आम्हाला जमत नाही, मॅडम. धंदा बसला तरी बेहत्तर, पण विषारी माल विकणाऱ्यांतले आम्ही नव्हे!" बाईंना असल्या प्रवचनांची सवय होती, त्या नुसत्या मान डोलवत राहिल्या. बराच वेळ नाकाने कांदे सोलून झाल्यावर साहेबांनी गोदामात फोन लावला. "रिपोर्ट आला रे! सोडा सगळे ट्रक!"

बाईंनी टेबल आवरायला घेतलं, तरी स्वारी हलेना. खुर्चीत चुळबुळ करत त्यांनी हळूच विचारलं, "मॅडम, तो तपासलेला फोन परत मिळेल का?"

"तो आता कुठला मिळायला?" बाईंनी काचेच्या बाटलीतलं पिवळट पाणी दाखवलं. "भाग सुटे केले, दळले आणि ॲसिडमध्ये विरघळवले. तपासणी म्हणजे तेच असतं. पण त्या एका फोनचं काय एवढं घेऊन बसलात? तसलेच ट्रक भरभरून निघालेत ना तुमचे? घ्या त्यातला एक."

कारखानदारांचा चेहरा खर्रकन उतरला.



"त्यातला नको हो, मॅडम! नातवाला द्यायचाय. तो हातात येईल ते तोंडात घालतो."