सावलीतली जागा

कुणी ‘अध्यक्ष’ म्हटलं की उपेंद्ररावांना ते उत्तर न दिलेलं पत्र आठवायचं. आताही आठवलं. जयाबाई मागच्या फाटकाशी वाट अडवून उभी होती आणि त्यांच्या पिशवीत रताळी ओतत होती.

“अध्यक्षसाहेब, पुढनं येतच न्हाईसा तुमी. म्हणून हिकडं आले. उचगावची हायत, शिवरात्रीला करा.”

“किती झाले?”

“पैसं नगोत आण्णा. तुमचं उपकार लई हायत.”

कसले उपकार, हे विचारायचं उपेंद्ररावांच्या ओठांवर आलं होतं. पण ते सहज काही विचारणारे नव्हते. जयाबाई सोसायटीच्या आसपास भाजी विकते, एवढंच त्यांना माहीत होतं. ते पिशवी घेऊन वर गेले.

टेबलावर महापालिकेचं पत्र होतं. उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंतींची तपासणी आता सक्तीची होती आणि त्यांची इमारत सात मजली होती. निवृत्त ग्रंथपाल, कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून सगळ्यांनी त्यांना अध्यक्ष केलं होतं. सीमाभागातली महापालिका, पत्र कन्नडमध्ये होतं. त्यांनी ते मराठीत करून सभेत वाचलं आणि घरी येऊन पुन्हा शब्दकोश काढला. प्रश्न एकच होता : आपल्या इमारतीची बाहेरची भिंत सुरक्षित आहे काय? ‘सुरक्षित’ हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच. तिथंही पळवाट नव्हती.

पावसाळ्यात पाचव्या मजल्यावर दर्शनी भिंतीला बाहेरून लावलेली एक दगडी फरशी निसटून खाली पडली होती. कुणाला लागलं नाही. वॉचमननं तुकडे झाडले, विषय संपला. नंतर एका इंजिनिअरनं दुर्बिणीतून पाहून सांगितलं, काही होत नाही. दुसरा दोराला लोंबकळत, हातोडीनं एकेक फरशी ठोकत खाली उतरला आणि म्हणाला, सुरक्षित आहे असं मी काही लिहून देणार नाही. उपेंद्ररावांना दोघांचंही पटलं. सभेत मात्र सगळ्यांनी हात वर करून ठराव केला होता : भिंत सुरक्षित आहे.

बेल वाजली. सेक्रेटरी रविराज घाम पुसत आत आला. हातात टाइप केलेलं उत्तर होतं.

“काय ऊन हाय अण्णा! स्टिअरिंगला हात लावता येत न्हाय. हं, करा सही. आज शेवटची तारीख, पोस्टात पडाय पायजे.”

“तुम्हाला खात्री आहे?”

“शंभर टक्के. वीस वर्षं उभी हाय भिंत. एकदा असुरक्षित लिहून दिलं की इथं फ्लॅट कोण घेणार? तुम्ही पुस्तकं वाचून वाचून घाबरताय.”

हेही खरं असेल. उपेंद्ररावांनी पेन उघडलं. पण नजर रताळ्यांवर गेली.

“रविराज, जयाबाईनं मला रताळी का दिली असतील?”

रविराज त्यांच्याकडे बघतच राहिला. “अण्णा, सही करताय की रताळी सोलताय?”

“तासाभरात देतो,” उपेंद्रराव म्हणाले. रविराज कपाळावर हात मारून गेला.

फुकटची वस्तू घरात ठेवायची, तर निदान कशाबद्दल मिळाली ते कळावं. त्यांनी पिशवी उचलली, छत्री घेतली आणि जिना उतरले. पाय सवयीनं मागच्या फाटकाकडे वळले. तिकडून फेरी होते, गुडघ्याला बरं, असं ते सगळ्यांना सांगत. आज ते पुढच्या फाटकाकडे गेले.

दुपारच्या त्या उन्हात सावली एकाच ठिकाणी होती, दर्शनी भिंतीच्या पायथ्याशी. तिथं पोत्यावर रताळी, मेथी, कोथिंबीर मांडून जयाबाई ऐसपैस बसली होती. पाठ भिंतीला टेकलेली.

“या आण्णा! बसा की, लई गार हाय हितं.”

“जयाबाई, कसले उपकार म्हणालात?”

“ऱ्हवू द्या, माहीत नसल्यागत करतासा!” ती हसली. “दोन वर्सं तुमच्या गाड्यांनी मला हितं टेकू दिलं न्हाय. गाडी लावायची हाय, ऊठ. रोज हेच. आन् आता बघा. पावसाळा सरला तसं समद्यांनी सावली सोडली माझ्यासाठी. सेक्रेटरीसाहेबबी गाडी उन्हात लावत्यात. म्हातारीची कीव आली म्हणायची.”

उपेंद्ररावांनी वळून पाहिलं. रविराजची गाडी समोरच्या कुंपणाशी तापत उभी होती, काचेवर पुठ्ठा लावलेला. सोसायटीतल्याच शिक्षिका रचनाबाईंची स्कूटर रस्त्यापलीकडे देवळाजवळ. बाकीच्या गाड्याही उन्हात, ओळीनं. त्यांनी वर पाहिलं. मग रोज मागच्या फाटकाकडे वळणाऱ्या स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

“उठा,” ते म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की तेच दचकले. “जयाबाई, आधी तिथून उठा.”

“आता तुमीबी उठवतासा व्हय?”

“फरशी पडेल अंगावर. उठा!”

त्यांनी पोत्याचं एक टोक धरलं आणि ओढलं. कोथिंबीर विसकटली. जयाबाई चिडून उठली, दुसरं टोक धरून उन्हात आली.

“मग माझी रताळी द्या परत!”

त्यांनी पिशवी तिच्यापुढे ठेवली. छत्री उघडून तिच्या हातात दिली. तिनं ती रागानं घेतली, पण घेतली.

वर येऊन त्यांनी रविराजचा कागद बाजूला सारला, कोरा घेतला आणि शब्दकोश न उघडता कन्नडमध्ये लिहिलं. मग भर उन्हात, बिनछत्रीचे, कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत गेले. पेटीत पडलेल्या पाकिटात दोनच वाक्यं होती :

‘आमची भिंत सुरक्षित आहे की नाही, मला कळत नाही. पण तिच्या सावलीत आमच्यापैकी कोणीही गाडी लावत नाही.’