गाद्यांमागची कुदळ

सासऱ्यांच्या बागेत निळ्या गोंड्यांच्या उटकटारीची सतरा झाडं. ना खत मागतात, ना पाणी, आणि काटे मात्र हातभर. थंडीत वाळून गेली, तरी दरवर्षी मुळातून पुन्हा हजर!

कपडे वाळवायच्या दोरीखालच्या झाडाने माझी तिसरी चादर फाडली, तेव्हा डोकंच फिरलं. थंडीत ते वाळल्यावर, सासरे दुपारी घोरत असताना, माळ्यावर जुन्या गाद्यांमागे सापडलेल्या कुदळीने मी त्याच्या मुळाची खांडोळी केली. वर माती लोटली आणि साळसूदपणे चहा ठेवला.

थंडी सरली आणि त्या जागी सहा कोंब आले.

सासरे ओरडतच घरात शिरले. म्हटलं, मेले आता!

“सूनबाई, मुळाचे तुकडे करून रोपं वाढवणं मला पुस्तकं वाचूनही जमलं नाही. तुझ्या हाताला गुण आहे, अगदी हिच्यासारखा!”

ते पाण्याची झारी शोधायला पळाले. भांडी पुसता पुसता सासूबाई हळूच म्हणाल्या, “ह्यांनी एकच झाड आणलं होतं गं. सतरा झाली, तेव्हा कुठे मी ती कुदळ गाद्यांमागे लपवली.”