मिटलेली वही

दंतवैद्यांच्या संमेलनात तक्रार समितीपुढे परदेशी पाहुणी चार वाक्यं बोलून थांबायची. दुभाषी ती वहीत टिपून सपाट आवाजात समितीला ऐकवायची. धंद्याचा नियमच तसा: पाहुणी ‘मी’ म्हणाली की आपणही ‘मी’ म्हणायचं, पदरचं काही घालायचं नाही. “संमेलनाच्या अध्यक्षांनी शोधनिबंध दाखवायला खोलीवर बोलावून दार लावलं. मी तोंडातून ब्रसुद्धा काढला नाही.” समोर अध्यक्ष चष्मा पुसत होते. “पाहुण्यांचा गैरसमज झालाय,” ते म्हणाले. दुभाषीनं तेही चोख पोहोचवलं. पाहुणीनं मान खाली घातली. वही मिटून दुभाषी बोलतच राहिली. “त्यांनी चष्मा उशाशी ठेवला. म्हणाले, गप्प राहिलीस तर दरवर्षी दुभाषीचं काम तुलाच. अकरा वर्षं दिलं.” अध्यक्षांचा हात थांबला. समितीतल्या वकीलबाई म्हणाल्या, “ताई, वही तर तुम्ही मिटलीत.” “ठाऊक आहे,” ती त्याच आवाजात म्हणाली, “लिहून घ्या.”