टाकीला वळसा

व्हर्ना स्टकी गाडीखाली शिरली ती शिरली. बाहेर फक्त तिचे बूट दिसत होते.

कॉलेजच्या गॅरेजसमोर अर्धं गाव खुर्च्या टाकून बसलं होतं. नेब्रास्काच्या त्या गावात परीक्षा म्हणजे जत्राच. बघ्यांत कॉलेजचं कोण नव्हतं? शेरीफ इथंच शिकला, त्याचे केस कापणारी इथंच शिकली, आणि चेरीचा केक वाटत फिरणारा तो दाढीवाला ट्रक ड्रायव्हर, तोही.

रीत अशी, की ओरोझ्को सर गाडीत गुपचूप एक खोट करून ठेवणार. ती शोधायची, नीट करायची आणि पाण्याच्या टाकीला वळसा घालून यायचं. पास झाली तर नवऱ्यामागं बंद पडलेलं गॅरेज व्हर्ना उघडणार होती. सर्टिफिकेटशिवाय विमावाले कुलूप काढू देत नव्हते.

सर म्हणाले होते, दाराजवळचा पांढरा पिकअप. पण ती आत हात धूत होती तेवढ्यात जिल्ह्याचे हिशेबवाले प्रुएटसाहेब आले. कॉलेजचं हे गॅरेज ठेवायचं की बंद करायचं, ते ठरवायला. साहेबांनी आपला पिकअप थेट दाराला चिकटवला आणि सरांना घेऊन कॉफी प्यायला गेले. तोही पांढराच.

तो पिकअप खडखडत रस्त्यानं गेला की कोंबड्या दोन दिवस अंडी देत नसत. एकदा तर चर्चच्या घंटेला तडा गेला होता. गावानं तो बघताक्षणी ओळखला. पण सांगतंय कोण? एवढी मजा फुकट मिळत होती.

सर बाहेर आले तर अर्धं इंजिन ताडपत्रीवर मांडलेलं. मागून कप घेऊन प्रुएटसाहेब.

"ती माझी गाडी आहे," ते म्हणाले.

"मग लाज वाटू द्या थोडी," गाडीखालून आवाज आला.

मग ती सरकत बाहेर आली. "मास्तर, तुम्ही एकच खोट म्हणाला होता. इतक्या सापडल्या की म्हटलं, तुमचा माझ्यावर काही राग आहे का."

तिनं सगळं परत जोडलं. साहेबांनी किल्ली फिरवली. आवाजच नाही. गाडी चालू झाली नाही असं वाटून त्यांनी पुन्हा फिरवली, तेव्हा चालूच असलेली ती जरा खाकरली. मग लहान पोरासारखे ते टाकीकडं निघूनच गेले.

सर मान खाली घालून पुटपुटले, परीक्षेची गाडी ती पलीकडची. मी केलेली खोट सापडली तरच पास. नियम आहे.

शेरीफचा घास तोंडातच राहिला.

व्हर्ना पलीकडच्या पिकअपमध्ये बसली. किल्ली फिरवली. इंजिन नुसतंच गुरगुरलं, पेट घेईना. तिनं बॉनेट उघडलंच नाही. उतरली, सरळ सरांपाशी आली आणि दोन बोटं त्यांच्या शर्टाच्या खिशात घातली. लाल फ्यूज बाहेर आला.

"पेट्रोलच्या पंपाचा," ती म्हणाली. "सकाळपासून खिशातून डोकावतोय."

फ्यूज बसला. गाडी चालू झाली. अर्धं गाव उभं राहिलं.

टाकीच्या अरुंद वळणावर प्रुएटसाहेब समोरून येत होते. त्यांनी गाडी कडेच्या गवतात घातली, टोपी काढली आणि तिला वाट दिली.