नाताळच्या कार्यक्रमातली पहिली रांग

नाताळच्या गोड फुग्यांचे दोन घाणे कढईत करपले, कारण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. नातीने टीव्हीवरचा नाताळचा तो जुना कार्यक्रम फोनवर अख्खा शोधून काढला होता. दर नाताळला आम्ही सगळे तो कॅसेटवर बघायचो, पण आमच्या गावच्या बायकांचं गाणं येण्याआधीच पट्टी तुटलेली. म्हणून तर चाळीस वर्षं मी ठणकावून सांगितलं, की पहिल्या रांगेत मी होते.

खरं तर कागदावरचं गाणं वाचता येईना, म्हणून मला मागे खांबाआड उभं केलं. पुढे होती माझी धाकटी जाऊ, कार्मेलीन. तिला मी तेव्हापासून टोमण्यांवरच ठेवलं. आता तीही समोर बसली होती.

फोनवर लाल लुगड्यांची धूसर रांग आली.

“आजी, यातली तू कुठली?”

मी तोंड उघडायच्या आत कार्मेलीनने स्वतःच्याच तरुण चेहऱ्यावर बोट ठेवलं. “ही काय तुझी आजी. नाक बघ, तेव्हाही वरच.”

सगळी पोरं हसली. न करपलेले फुगे निवडून मी जावेच्या ताटलीत घातले. “गप खा,” म्हटलं.